गोंदण : हात कुणाचा, सुई कुणाची?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारी रोजी रहिमतपूर येथे परिसरातील महिला मंडळे व बचत गट यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आज सावित्रीबाईंचा जन्मदिवस. आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या या बाईविषयी इथे इतर जणी बोलणार आहेत. माझ्या वाट्याला गोंदणाचा विषय आला, तेव्हा मागच्या रांगेतून हसू ऐकू आलं. एकीनं विचारलंही, "मारहाण, रेशन, हुंडा सगळं संपलं वाटतं, म्हणून आता गोंदण?" प्रश्न रास्त आहे. मीही आधी कधी या विषयावर बोलेन असं वाटलं नव्हतं. पण गेल्या थंडीत दोन महिन्यांच्या आत तीन हात माझ्यासमोर आले, आणि त्या तीन हातांनी मला विचार करायला लावलं. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

पहिला हात अकरावीतल्या मुलीचा. मार्गशीर्षातल्या एका जत्रेत मैत्रिणींबरोबर जाऊन तिनं मनगटाच्या वर दोन अक्षरं काढून घेतली. घरी कळू नये म्हणून चार दिवस स्वेटरची बाही खाली ओढून वावरली. थंडी असल्यानं कुणाला संशय आला नाही. आईला कळलं तोवर हात कोपरापर्यंत सुजला होता, काखेत गाठ आली होती आणि पोरगी तापानं फणफणली होती. आईनं काय केलं? हळद आणि चुलीतली राख एकत्र करून दाबून बसवली. तिच्या आईनं तिला तेच केलं होतं.

दुसरा हात तिशी ओलांडलेल्या एका बाईचा. नवऱ्यानं टाकल्याला सहा वर्षं झालेली, माहेरी भावाच्या घरात राहते. उजव्या हातावर नवऱ्याचं नाव, लग्नाच्या पहिल्या वर्षी जत्रेत त्यानंच हौसेनं गोंदवलेलं. ते घालवायचं म्हणून तिनं कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा उगाळून लावला. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं हे आपल्याला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक होतं. नाव गेलं नाहीच. त्या अक्षरांवर जाड, ताणलेला वण उठला आणि आता नाव वाचताही येत नाही, पुसलंही गेलेलं नाही, असं काहीतरी तिथे कायमचं राहिलं.

तिसरा हात एका सत्तरी उलटलेल्या आज्जींचा. कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवा ठिपका, हनुवटीवर एक, हातावर तुळस, मनगटाच्या आतल्या अंगाला विंचू. त्यांना मी विचारलं, "आज्जी, तुम्ही कधी गोंदवून घेतलंत?" त्या म्हणाल्या, "मी कुटलं घेतलंय? मला इचारलं व्हतं का कुनी? मांडीवर दाबून धरली आन् गोंदलं. सात वर्साची आसंन." आणि लगेच पुढे हातावरून हात फिरवत म्हणाल्या, "पर तुळस बेस काढलीया, न्हाई?"

ही दोन वाक्यं एका दमात आली, आणि दोन्ही खरी आहेत. म्हणून मी आज गोंदण वाईट किंवा गोंदण आपली संस्कृती, यातलं काहीच सांगायला उभी नाही.

आपल्याकडे गोंदण थंडीत का होतं, हे आधी पाहू. त्यात पंचांगापेक्षा व्यवहार जास्त आहे. खरिपाचं धान्य घरात आलेलं असतं. पूर्वी गोंदणाऱ्या बाईला पैशापेक्षा शेरभर जोंधळे आणि एखादी जुनी चोळी मिळायची. ती भटक्या जमातीतली, तिचं पाल सुगीनंतरच गावाच्या कडेला पडायचं. मार्गशीर्ष-पौषात जत्रा सुरू होतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांची, म्हसवडला सिद्धनाथाची, पालीला खंडोबाची, इथून जवळच औंधला यमाईची, तिकडे मांढरदेवला काळुबाईची. आणि जुन्या बायकांचं एक साधं निरीक्षण होतं : थंडीत गोंदण पिकत नाही. उन्हाळ्यात घामानं चिघळतं, पावसाळ्यात चिखलपाण्यानं. या म्हणण्यात तथ्य आहे. घाम कमी, माश्या कमी, अंगभर कपडे असल्यानं धूळ कमी, म्हणून जखम कोरडी राहायला थंडी बरी.

पण तीच थंडी दुसऱ्या बाजूनं छळते. हवा कोरडी असल्यानं कातडी तडकते, खपली लवकर ताणली जाते, खाज जास्त सुटते. स्वेटरचं लवचीक मनगट नेमकं जखमेवर घासतं. रात्री गोधडीचे दोरे नि लोकर खपलीला चिकटते. आणि आपण शेकोटीला हात शेकतो, बंबातलं कढत पाणी घेतो. म्हणजे थंडीत गोंदलं की आपोआप बरं होतं, या भरवशावर राहणं चूक. त्या अकरावीतल्या मुलीचा हात थंडीतच पिकला.

आता जरा नावाकडे वळते, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे.

आमच्या कामात जुन्या बायका अर्ज करायला येत. "नवऱ्याचं नाव काय?" म्हटलं की गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही शिकवण. मग पदर सारून हात पुढे करायच्या, "वाचा." जे तोंडानं उच्चारायला बंदी, ते कातडीवर लिहिलेलं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. नंतर तिच्याच घराचा सातबारा पाहिला. त्यावर नवरा, दीर, मुलगे. तिचं नाव नाही. घरावर नाही, विहिरीवर नाही. त्याचं नाव तिच्या हातावर, तिचं नाव कशावरच नाही.

हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. कासेगावच्या इंदूताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी सातारा-सांगलीच्या गावांत परित्यक्तांना एकत्र केलं, तेव्हा स्वतंत्र रेशनकार्ड ही एक मोठी मागणी होती. टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावरून कमी होतं, माहेरच्या कार्डावर चढत नाही, तर ती जेवायची कुणाच्या नावावर? आज २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली वडीलधारी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर, असा निर्णय महाराष्ट्र शासनानं केला. कागद हळूहळू बदलतो आहे. पण जत्रेत मशिनवाल्यापुढे उभी राहिलेली नवी सून अजून त्याचंच नाव काढून घेते, आणि नवरा शेजारी उभा राहून हसत पैसे देतो. मी एका जत्रेत तासभर उभी राहून पाहिलं. मुलग्यांच्या हातावर छत्रपती, वाघ, आई. बायकांच्या हातावर नवरा, नाहीतर मुलगा. स्वतःचं नाव काढून घेणारी एकही बाई मला दिसली नाही. तासाभराच्या पाहणीवरून सिद्धांत मांडू नये, हे आम्हाला शिक्षणात शिकवलं आहे, पण तुम्ही आपापल्या गावच्या जत्रेत पाहा.

प्रेमानं कुणी नवऱ्याचं नाव गोंदवलं तर त्याला आपण हरकत घेणार नाही. माझं म्हणणं इतकंच की त्या क्षणी "नको" म्हणायची सोय तिला होती का? त्या टाकलेल्या बाईला मी विचारलं. ती म्हणाली, "नगं म्हणलं असतं तर मनात दुसरं कोन हाय, असं झालं असतं." म्हणजे गोंदण ही तिची परीक्षा होती. विषय हौसेचा असेल तर नाही म्हटल्यावर संशय येत नाही.

आणि शरीरावर दुसऱ्यानं खूण करणं किती टोकाला जातं, हेही सांगते. इंग्रजी अमलात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याचा नियम होता, १७९७ पासून १८४९ पर्यंत. त्याला शब्दही आपल्यासारखाच, 'गोदना'. ते जुनं झालं म्हणाल, तर डिसेंबर १९९३ ऐका. अमृतसरमध्ये पोलिसांनी चार बायकांना पकडलं आणि त्यांच्या कपाळावर 'जेबकतरी', म्हणजे पाकीटमार, असं गोंदलं. बायका सांसी समाजातल्या, म्हणजे इंग्रजांनी ज्यांच्यावर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला होता त्या जमातीतल्या. न्यायालयात नेताना त्यांची कपाळं ओढणीनं झाकलेली होती, तरी ते उघड झालं आणि वर्तमानपत्रांत आलं. त्या पोलिसांना शिक्षा झाली २०१६ साली, बावीस-तेवीस वर्षांनी. इतकी वर्षं त्या बायका ते कपाळ घेऊन, आणि पुसल्यानंतर त्याचे वण घेऊन, बाजारात गेल्या, लेकींची लग्नं लावली. आपल्या आज्जींच्या कपाळावरचा ठिपका आणि हे एकच आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्हीकडे सुई धरणाऱ्यानं कपाळ कुणाचं, हे विचारलं नव्हतं.

डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला बायकांना सांगितलं होतं की ज्या दागिन्यांवरून, ज्या लुगडं नेसण्याच्या रीतीवरून तुमची जात ओळखली जाते ते टाका. दागिना टाकता येतो. लुगडं बदलता येतं. गोंदण उतरवता येत नाही, म्हणून त्याच्या आधीचा विचार जास्त लागतो.

आजच्या मुलींच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या भागातल्या किती तरी पोरी पहाटे मैदानावर पळताना दिसतात. लष्कराच्या भरतीत कायमचं गोंदण हाताच्या आतल्या अंगाला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि हाताच्या पंज्याच्या पाठीवर चालतं. मानेवर, दंडावर, पायावर असलं तर उमेदवार बाद होऊ शकते. आदिवासी समाजांच्या रूढीला सवलत आहे. जत्रेतल्या वीस मिनिटांत वर्षाची मेहनत जाऊ नये, एवढं पोरींच्या कानावर घाला. आणि रक्तदानाचंही सांगा. गोंदल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही. का, ते आता सुईच्या निमित्तानं बोलू.

पूर्वीची गोंदणारी बाई तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधून, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवून टोचायची. आता विजेचं मशिन आलं. १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये या मशिनचं पेटंट घेतलं गेलं, ते एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सुचलेलं. जत्रेत ते बॅटरीवर चालतं. सुई एका मिनिटात हजारो वेळा वरखाली होते आणि दर वेळी कातडीच्या वरच्या थराखाली शाई सोडते. म्हणजे रक्ताशी तिचा संबंध येतोच.

मी जत्रेत पाहिलं ते असं : एक मशिन, एक सुई, शाईचं एक झाकण, पुसायला एक फडकं. समोर पंधरा जणांची रांग. पहिल्याचं रक्त सुईवरून शाईत, शाईतून दुसऱ्याच्या हातात. मशिनवाला मधूनच सुई डेटॉलच्या पाण्यात बुडवून काढी आणि "बघा, स्वच्छ" म्हणे. तो काही लबाड नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

रक्तातून पसरणारे तीन आजार इथे लक्षात ठेवायचे. पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकून राहतो. दुसरा हिपॅटायटिस सी. तिसरा एचआयव्ही. बायका घाबरतात ती एचआयव्हीला, आणि तो धोका खोटा नाही, पण शरीराबाहेर तो विषाणू फार तग धरत नाही. गोंदणात जास्त भीती बाळगायची ती काविळीची, कारण ती वर्षानुवर्षं काही त्रास न देता यकृत पोखरते आणि गरोदर बाईकडून बाळाला जाते. बी साठी लस आहे, मोठ्या माणसांना सहा महिन्यांत तीन डोस. सी साठी लस नाही, पण गोळ्यांनी ती पूर्ण बरी होते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत दोन्हींची तपासणी आणि औषध मोफत आहे. एचआयव्हीची तपासणीही मोफत, आणि २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, निकालही दुसऱ्याला सांगता येत नाही. शेजारच्या सांगलीत 'संग्राम'चं काम १९९२ पासून सुरू झालं, त्या काळात एड्सचा सगळा दोष बायकांच्या चारित्र्यावर ढकलला जात होता, हे आपल्यापैकी जुन्या जणींना आठवत असेल. घरात कुणाला लागण निघाली की अजूनही पहिलं बोट सुनेकडेच जातं. रक्ताच्या वाटा बऱ्याच असतात, सुई ही त्यातली एक. हे घरातल्या माणसांना माहीत असणं सुनेच्या दृष्टीनं फार उपयोगाचं आहे.

म्हणून गोंदवायचंच असेल तर हे मागून घ्यायचं. सुई बंद पाकिटातली, तुमच्या डोळ्यांसमोर फोडलेली. सुई ज्या नळीतून जाते ती नळीसुद्धा नवी, कारण रक्त तिच्यातही जातं. नळी धातूची असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे १२१ अंशांच्या वाफेच्या दाबाखाली, निर्जंतुक केलेली हवी. स्पिरिटनं पुसून किंवा मेणबत्तीवर धरून ते होत नाही. शाई तुमच्यापुरती वेगळ्या झाकणात ओतलेली आणि उरली तर फेकलेली. हातात नवे मोजे. फडकं नव्हे, कागद किंवा कापूस. एका नव्या सुईला चहाच्या चार-दोन कपांइतके पैसे पडतात, ते वर द्यायला तयार राहा, पण मागा. बायकांना मागायची लाज वाटते. "एवढं काय त्याचं" असं मशिनवाला म्हणतो आणि आपण हात पुढे करतो. गरोदर असताना, मूल अंगावर असताना, साखरेचा आजार आटोक्यात नसताना थांबा. ज्यांच्या कातडीवर साधी जखमही फुगून जाड वण धरते त्यांनी हा नाद करू नये. अठराच्या आतल्या मुलीला पुढच्या वर्षी ये म्हणून सांगा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का ते आधी पाहा. आपले हात रोज शेणामातीत असतात.

आता काळजी. खरं तर ती सांगायला सोपी आहे. पहिल्या दिवशी वरची पट्टी दोन-तीन तासांनी काढायची. कोमट, उकळून निववलेल्या पाण्यानं, साध्या साबणानं, स्वतःच्या धुतलेल्या बोटांनी हळू धुवायचं. चोळायचं नाही. स्वच्छ मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं आणि व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवायचा. थंडीत कातडी ओढते म्हणून बायका भरपूर थापतात, त्यानं जखम ओली राहते आणि उलट चिघळते. दिवसातून दोनदा एवढं पुरे. घरातल्या सगळ्यांनी बोटं घातलेल्या डबीतलं नको, वेगळी छोटी डबी ठेवा. भेगांना लावतो ते आमसुलाचं तेल, हळद, राख, चुना, दंतमंजन, बिब्बा यातलं काही लावायचं नाही. हळदीवर माझा राग नाही. आपल्या भागात ती पिकते, पण घरातल्या डब्यातली हळद म्हणजे मातीतून आलेली, दळलेली, रोज चमचा बुडवलेली पूड आहे, औषध नव्हे.

चार-पाच दिवसांनी खपली धरते आणि खाज येते. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही, फार झालं तर स्वच्छ हातानं वरून थोपटायचं. लोकरीच्या बाहीखाली जुन्या सुती पोलक्याची सैल बाही घाला. शेकोटीपासून हात लांब ठेवा. दुपारचं ऊन हिवाळ्यातही भाजतं, रानात हात झाका. वरची कातडी भरायला दोन-तीन आठवडे जातात. पहिले दोन दिवस लाली, थोडी सूज, चरचर हे ठरलेलंच. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत गेली, पू आला, लाल रेघ वर चढू लागली, काखेत गाठ आली, कणकण आली, तर राख शोधत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रंगीत, विशेषतः लाल शाईच्या जागी महिन्यांनंतरही गाठी उठून खाज येत राहिली तर तो शाईचा त्रास असतो, त्यालाही डॉक्टरच लागतो.

हे सगळं मी मागे एका बचत गटाच्या बैठकीत असंच सांगितलं. छापील कागदही वाटला. एक बाई शांतपणे म्हणाली, "ताई, दोन आठवडे हात पाण्यात भिजवायचा नाही, शेणात घालायचा नाही म्हणता. मग आलं कोण धुणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे थंडी म्हणजे आलं काढायचं, धुवायचं, नंतर हळद काढून शिजवायची, उसात पाचट सोलायचं, ज्याची धार हाताला चिरा पाडते. मजुरीवर जाणारीला एक दिवस घरी बसली तर रोज बुडतो. घरची असेल तर गोठा आहे, भांडी आहेत, धुणं आहे. नवऱ्यानं हौसेनं नाव गोंदवलं, पण त्या रात्रीची भांडी त्यानं घासली का? त्या हाताला दोन आठवडे आराम द्यायला घरातला कोण पुढे येतो? जखम गोंदणाची असो, बाळंतपणाची असो, कुटुंब नियोजनाच्या टाक्यांची असो, डॉक्टर काळजी घ्या म्हणतात आणि ती घेण्याची वेळ घरात कुणाकडे नसते. मी कागदावर छापलेली काळजी ही मोकळा हात असलेल्या बाईसाठी होती. आता मी सांगताना आधी विचारते, तुझं काम कोण करणार आहे ते ठरव, मग जत्रेची तारीख ठरव. दोघी जावा असतील तर एकीनं या जत्रेत, दुसरीनं पुढच्या. आणि हाताला प्लास्टिकचा मोजा घालून थोडा वेळ काम करता येतं, पण तासन् तास नाही, आतला घाम जखमेला बाधतो.

आमची एक चूकही सांगते. मागच्या वर्षी एका गावच्या जत्रेत आम्ही पाच जणी फलक घेऊन उभ्या राहिलो : 'गोंदवू नका, रोग टाळा.' दिवसभरात एकानंही ऐकलं नाही. दुपारी पलीकडे बसलेली एक गोंदणारी बाई उठून आली. हातानं गोंदणारी, जुन्या पद्धतीची, आता तिच्याकडे फक्त म्हाताऱ्या येतात. ती म्हणाली, "मशिनवाल्यानं आमचं निम्मं खाल्लं, उरलेलं तुमी खाताय." आम्ही तिला विचारलंच नव्हतं. तिच्याकडे रेशनकार्ड नव्हतं, पोराच्या जातीचा दाखला नव्हता, आणि आम्ही तिच्या पोटावर फलक घेऊन उभ्या होतो. स्त्रियांच्या हक्काचं काम करणाऱ्या पाच जणी! संध्याकाळी फलक गुंडाळला आणि तिच्या पालात बसून चहा घेतला. तिला सुई बदलायची अडचण काहीच नव्हती. पाकिटातल्या सुया कुठे मिळतात हे तिला माहीत नव्हतं आणि एकदम घ्यायला पैसे नव्हते.

यंदा त्याच जत्रेत पंच कमिटीला भेटून एक टेबल मागून घेतलं. बंद पाकिटातल्या सुया, शाईची छोटी झाकणं, मोजे, वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लास्टिकचा डबा. गोंदणाऱ्यांना घेतलेल्या भावात. दोन मशिनवाल्यांनी घेतलं, तिसऱ्यानं आम्हाला हाकललं. ती बाई स्वतः आमच्या टेबलाशेजारी बसली. रांगेतल्या प्रत्येक मुलीला आम्ही एकटीला बाजूला घेऊन एकच विचारत होतो, "तुला हवंय का?" बऱ्याच जणी हो म्हणाल्या आणि गोंदवून गेल्या. एक नवी सून काहीच बोलली नाही. तिला म्हटलं, मग सांग, सध्या अंगावर पुरळ आहे, डॉक्टरांनी मना केलंय. ती तेच सांगून नवऱ्याबरोबर पुढे पाळण्याकडे गेली. खोटं बोलायला शिकवलं म्हणून माझ्या सहकारी मैत्रिणीनं मला नंतर बरंच सुनावलं. तिचं म्हणणं, नाही म्हणायला शिकवावं, सबब सांगायला नाही. बरोबर असेल. पण त्या मुलीला त्या रात्री त्याच घरी परत जायचं होतं.

नाव पुसण्याविषयी पुष्कळ जणींनी विचारलं आहे. बिब्बा, ॲसिड, चुना-सोडा, तापलेलं उलथनं, यातल्या कशानंही गोंदण जात नाही, फक्त कातडी जाते. लेसरनं जातं, त्यातही जुनं काजळीचं काळं-निळं गोंदण चांगलं फिकं होतं, पिवळा-हिरवा रंग हट्टी असतो. लेसर शाईचे बारीक कण फोडतं आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं, म्हणून एका बैठकीत होत नाही. सहा-आठ आठवड्यांच्या अंतरानं बऱ्याच बैठका लागतात, खर्च मोठा असतो, सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहू शकतो. ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावं. मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी चौकशी करा. दुसरा मार्ग म्हणजे त्या नावावर वेगळी नक्षी काढून घेणं. त्या टाकलेल्या बाईला मी हा मार्ग सुचवला. तिचा वण जाड आहे, तिथे सुई नीट चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली, "राहू द्या. आता कुनी वाचलं तर वाचता येत न्हाई, एवढं बास हाय." तिचा पोटगीचा अर्ज मात्र आम्ही पुढे चालवतो आहोत, आणि त्या अर्जावर सही तिनं स्वतःच्या नावानं केली आहे. त्याच हातानं.

पौषातल्या जत्रा आता तोंडावर आल्या आहेत. टेबलासाठी सुयांची दोनशे पाकिटं आणि दोन मोठे डबे लागतील. वापरलेल्या सुया ग्रामीण रुग्णालयाच्या जैव कचऱ्यात द्यायला कुणीतरी नेऊन पोचवणारी हवी. ज्यांच्या गावात जत्रा आहे त्यांनी कमिटीतल्या माणसांशी आधी बोलून ठेवा, आयत्या वेळी जागा देत नाहीत. नावं दारापाशी लिहून घेणं चालू आहे.